मेंढीच्या पाठीपासून आसनापर्यंत

दिवाळी सरली की चाकण-तळेगाव रस्त्यावर एक दृश्य हमखास दिसते. मोटारींचे सुटे भाग भरलेले कंटेनर ओळीने थांबलेले असतात आणि त्यांच्या पुढून दोन-तीनशे मेंढ्यांचा कळप, कुणाचीही घाई अंगाला न लावून घेता, रस्ता ओलांडत असतो. पुढे तांबड्या फेट्याचा मेंढपाळ, त्याच्या खांद्यावर घोंगडी; मागे घोड्याच्या पाठीवर सारा संसार आणि त्या संसारात कधी कधी आदल्या रात्री जन्मलेले कोकरू. माण, फलटण, बारामती, पारनेर अशा कमी पावसाच्या मुलखातून हे धनगर बांधव चाऱ्याच्या शोधात निघतात. वाटेत पीक निघालेल्या रानात रात्रभर कळप बसवतात. शेतकऱ्याला खत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा रोख रक्कम. चाकण परिसरातील पुष्कळ रानांवर आता कारखान्यांच्या शेड उभ्या आहेत. पण दोन शेडच्या मधे जिथे अजून माती उरली आहे, तिथे वाडा उतरतो.

अशाच एका वाड्यावर दिवाळीच्या सुमारास कातरणी चालू होती. मेंढ्यांना आदल्या दिवशी पाण्यातून काढले होते. एकेका मेंढीचे पाय अलगद बांधून तिला कुशीवर निजवायचे आणि दोन पात्यांच्या लोखंडी कातरीने पोटाकडून पाठीकडे लोकर उतरवीत जायचे, असे ते काम. जाणत्या हाताला एका मेंढीमागे फार वेळ लागत नाही. मेंढी उठते, अंग झाडते, आणि एकदम निम्मी झाल्यासारखी दिसते. पूर्वी या कामाला आसपासच्या वाड्यांवरची माणसे एकमेकांकडे जात आणि त्या दिवशी जेवणाचा बेत असे. आता बहुतेक ठिकाणी मजुरी देऊन कातरणारे आणावे लागतात. बाजूला काळ्या, पांढऱ्या, करड्या लोकरीचा ढीग साचला होता. त्याचे पुढे काय होणार, असे रस्त्याने जाणाऱ्या एका गृहस्थांनी विचारले तेव्हा उत्तर आले, "लोकरीचं काय शेठ, कातरणाऱ्याची मजुरीबी निघंना. घेणारा आला तर देतो, न्हाईतर बांधावर टाकून पुढं जातो."

हे गृहस्थ चिंचवडचे. भोसरीत त्यांचा प्रेस-पार्टचा छोटा कारखाना आहे, चाकणला माल पोचवायला आठवड्यातून दोन फेऱ्या होतात. गाडी थांबवून लोकरीची चौकशी करण्याचे कारण घरातले होते. त्यांच्या आईंचे, म्हणजे घरातल्या सर्वांच्या आजींचे, सामायिकाचे आसन.

आजींचे जुने आसन काळ्या-पांढऱ्या लोकरीचे, हातमागावर विणलेले, त्यांच्या लग्नानंतर सासूबाईंनी दिलेले. पन्नासहून अधिक वर्षे ते रोज उलगडले गेले, घडी झाले, आणि शेवटी मधोमध विरले. मुलाने बाजारातून नवे, मऊ, पांढरेशुभ्र आसन आणून दिले. काही महिन्यांनी त्याच्या कडेचा एक धागा सुटला. घरातल्या नातीने, जी रसायनशास्त्र शिकते, तो सहज जाळून पाहिला. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की ती बहुधा विझते आणि मागे चिमटीत चुरगळणारी काळी राख राहते. हा धागा मात्र वितळला आणि टोकाला कडक गोळी झाली. आसन अ‍ॅक्रिलिकचे होते. फसवणूक म्हणावी तर दुकानदाराने लोकरीचे आहे असे कुठे लिहून दिले नव्हते. घेणाऱ्याने विचारले नव्हते आणि विकणाऱ्याने सांगितले नव्हते. आजी एवढेच म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस मी प्लॅस्टिकवर बसत होते."

या पट्ट्यात कृत्रिम धागा नवा नाही. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत सेंच्युरी एन्काचा कारखाना कित्येक दशके नायलॉनचे धागे काढतो आहे आणि वाहनांच्या टायरमध्ये जाणारे नायलॉनचे मजबूत कापडही याच उद्योगातून येते. ज्या गावात लोखंडापासून रबरापर्यंत सर्व काही बनते, त्या गावाच्या वेशीवर पडलेल्या लोकरीचे सूत करणारी एकही गिरणी नसावी, ही गोष्ट त्या गृहस्थांच्या मनाला लागून राहिली. त्यांनी दहा किलो लोकर पोत्यात भरून घेतली. मेंढपाळ पैसे घ्यायला तयार नव्हता. त्याला मजुरीच्या हिशेबाने आग्रहाने दिले.

पहिला प्रयोग फसला, आणि तो सांगण्याजोगा आहे. लोकर मळकी म्हणून घरी कपड्यांच्या यंत्रात, गरम पाणी आणि साबण घालून टाकली. तासाभराने झाकण उघडले तर आत लोकर नव्हती, नमद्यासारखा एक घट्ट लगदा होता, हाताने उकलेना. कारण साधे आहे. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे अतिसूक्ष्म खवले असतात आणि त्या सर्वांचे तोंड तंतूच्या टोकाकडे असते. उष्णता, साबण आणि घुसळण एकत्र आले की तंतू एकाच दिशेने सरकत एकमेकांत रुततात आणि मागे फिरत नाहीत. नमदा याच गुणावर बनतो. सूत काढायचे असेल तर हाच गुण वैरी ठरतो. तेव्हा गिरणीतले धुणे म्हणजे खरे तर न घुसळता धुणे होय.

ते असे करतात. आधी निवड. मेंढीच्या पाठीवरची, खांद्यावरची लोकर चांगली, पोटाची आखूड, शेपटीकडची व पायांची मळलेली, ती बाजूला काढायची. रंगही याच वेळी वेगळे करायचे, कारण पांढऱ्यात शिरलेला एक काळा पुंजका पुढे शंभर वार सुतात डोके वर काढतो. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, जिला जावळ म्हणतात, ती सर्वांत मऊ. तिची घोंगडी जाणकार मागून घेतात. निवडीचे हे काम कोणत्याही यंत्राला येत नाही. धान्याच्या पेढीवर मूठभर गहू तळहातावर घेऊन प्रत सांगणारा जसा असतो, तसा माणूस लोकरीच्या गिरणीत पहिल्या टेबलाशी लागतो. गिरणीचा नफा-तोटा निम्मा तिथेच ठरतो, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

नंतर झटकणी. काटेरी रूळ बसवलेल्या जाळीच्या पिंपात लोकर फिरवली की माती, लेंडीचा भुगा, कुसळे खाली गळतात. गोखरू मात्र चिकटून राहते. मग धुणे. एकापुढे एक तीन-चार टाक्या. पहिल्या दोनांत साठ अंशांच्या आसपास गरम पाणी व सौम्य साबण, पुढच्यांत त्याच उष्णतेचे स्वच्छ पाणी. लोकरीवरचे मेण चाळीस अंशांच्या सुमारास वितळते, म्हणून पाणी त्याहून गरम हवे. आणि एका टाकीतून दुसरीत जाताना एकदम थंड पाणी लागले तर लोकर आकसते, म्हणून उष्णता सारखी हवी. लोकर पाण्यावर सोडायची, हलकेच दाबायची, उचलायची. घुसळायचे नाही, पिळायचे नाही. कॉस्टिक सोड्याचे तर नाव काढायचे नाही. त्यात लोकर विरघळून जाते.

येथे दख्खनी मेंढीचा एक गुण उपयोगी पडतो. ऑस्ट्रेलियातील मेरिनोच्या लोकरीत मेण भरपूर. तिची शंभर किलो कच्ची लोकर धुतली की साठ-सत्तर किलोच हाती येते, आणि त्या मेणापासून लॅनोलिन काढून मलमांत व प्रसाधनांत वापरतात. दख्खनीच्या अंगावर मेण थोडे. तिची घट होते ती मुख्यतः मातीची आणि काडीकचऱ्याची. मेंढ्या आधी पाण्यातून काढल्या असतील तर हिशेब आणखी बरा बसतो.

धुण्याच्या पाण्याचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. त्यात घामाचे क्षार, मेण, माती आणि साबण असतो. मेंढीच्या घामात पोटॅशचे क्षार असतात, त्यामुळे साबण साधा ठेवला आणि पाणी नीट मुरवले तर ते शेताच्या कामी येऊ शकते. पण नाल्यात सोडले तर ते इंद्रायणीला जाते. आळंदीला नदीवर फेस आल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत पाहिलेल्या माणसाने गिरणीचा विचार करताना पहिला खर्च या पाण्याचा धरावा. बँकांकडे येणाऱ्या प्रकल्प अहवालांत हा खर्च बहुधा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत असतो.

धुतलेली लोकर वाळली की तिच्यावर तेल-पाण्याचा हलका शिडकावा करून ती पिंजणीच्या यंत्रावर जाते. गिरणीचे हृदय हेच. बारीक पोलादी तारांचे दात असलेले पट्टे एका मोठ्या ढोलावर गुंडाळलेले असतात आणि त्या ढोलाभोवती तसेच दात असलेले लहान रूळ वेगवेगळ्या गतीने फिरतात. गुंता दोन दातांच्या मधे सापडतो, ओढला जातो, मोकळा होतो, पुन्हा सापडतो. शेवटच्या रुळावरून एक पातळ पापुद्रा उतरतो, पलीकडचे दिसेल इतका विरळ. त्या पापुद्र्याच्या उभ्या पट्ट्या पाडून, त्या दोन पट्ट्यांमध्ये चोळून, पीळ नसलेली कच्ची वात तयार होते. चोळणाऱ्या या पट्ट्या परंपरेने चामड्याच्या असत. आता त्या कृत्रिम रबराच्याही मिळतात. आपल्या वाचकांपैकी कुणी यंत्र मागवायला निघालेच, तर ही चौकशी अवश्य करावी.

भोसरीच्या त्या गृहस्थांना या टप्प्यावर आपला धंदा उपयोगी पडला. दातांचे पट्टे त्यांनी विकत आणले, बाकी रूळ, धुरा, पिनियन सगळे स्वतःच्या लेथवर केले. टेबलावर मावेल असा हातभर रुंदीचा ढोल तयार झाला. दुसऱ्या वेळी नीट धुतलेली लोकर त्यातून निघाली तेव्हा कामगार जेवणाची सुट्टी विसरून भोवती उभे राहिले. त्यांच्यातल्या एकाचे आजोबा सांगर होते. घोंगडी विणणे हा सांगर समाजाचा पिढीजात व्यवसाय. त्याने तो पापुद्रा हातात घेऊन ओळखीच्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले.

पुढची पायरी कताई. गिरणीत कच्ची वात रिंग फ्रेमवर चढते, ओढली जाते आणि गरगरणाऱ्या चातीवर तिला पीळ बसतो. पिळाशिवाय ती बोटाने तुटते. पीळ बसला की तीच वात घोंगडीचा ताणा होते. पीळ कमी पडला तर सूत फुसके, अधिक झाला तर ते स्वतःभोवती गाठी मारू लागते. असे दोन पदर उलट दिशेने एकत्र पिळले की दोन्हींचा उतावळेपणा एकमेकांत जिरतो आणि सूत शांत होते. मग वाफ देऊन पीळ मुरवतात, लडी करतात, वजन करतात.

दख्खनी लोकरीचे बारीक सूत का निघत नाही, हा प्रश्न व्यापारी माणूस लगेच विचारतो. सूत टिकायचे तर त्याच्या आडव्या छेदात निदान काही डझन तंतू एकमेकांना धरून असावे लागतात. मेरिनोचा तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास. दख्खनीचा त्याच्या दुप्पट आणि त्याहूनही जाड, त्यात पुष्कळ तंतू आतून पोकळ. तेवढेच डझन तंतू एकत्र आले की सूत आपोआप जाड होते. म्हणून या लोकरीचा स्वेटर अंगाला टोचतो आणि हीच लोकर घोंगडीला, जाजमाला, आसनाला उत्तम. ठाण्यात 1925 साली सुरू झालेल्या आणि 1944 साली सिंघानिया कुटुंबाकडे आलेल्या रेमंड गिरणीने भारताला सुटाचे कापड दिले, पण त्या कापडाचा आधार परदेशी मेरिनो. विसाव्या शतकात मेरिनो आणि रॅम्ब्युले नरांशी संकर करून दख्खनीची लोकर सुधारण्याचे प्रयत्न झाले. डोंगर-माळावर, उन्हात, रोज मैलोगणती चालणाऱ्या मेंढीला त्या मऊ अंगरख्याचा उपयोग किती, हा प्रश्न वेगळा.

आणि लोकर वजनात फसवी, हेही सांगितले पाहिजे. ती हवेतले पाणी पिते. आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते. कोकणातल्या जुलैत आणि पारनेरच्या मेमध्ये एकाच पोत्याचे वजन एक भरणार नाही. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला यासाठी स्वतंत्र 'कंडिशनिंग हाऊस' होते. तिथे नमुना पूर्ण वाळवून ओल मोजीत आणि ठरलेल्या प्रमाणावर व्यवहाराचे वजन धरीत. आपल्याकडे कापूस, गूळ, हळद यांच्या ओलीवरून झालेले तंटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

त्या गृहस्थांकडे कताईचे यंत्र नव्हते. पिंजलेली लोकर घेऊन ते कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला गेले. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याने पिवळे होणारे हे गाव घोंगडी विणणाऱ्यांसाठीही ओळखले जाते. तिथे अजून चरख्यावर सूत काढणाऱ्या वृद्ध स्त्रिया आहेत, खड्डामाग आहेत, आणि ताण्याला चिंचोक्याची खळ लावून कुंच्याने सारखी करण्याची रीत आहे. एका विणकराच्या आईने पिंजलेली लोकर बोटांत धरली, एक धागा ओढला आणि म्हणाली, "पिंजण बरी झालीया, पर लई फुगीर. कोण पिंजलं?" कारखानदाराने स्वतःकडे बोट केले तेव्हा ती मनापासून हसली. तिच्या घरात हे काम शिकायला कुणी नव्हते. सून शिलाई करते, नातू इचलकरंजीला यंत्रमागावर जातो. दिवसभर कातून तिच्या हाती जे सूत येते, त्याचे पैसे शेतमजुरीशीही तोल धरीत नाहीत.

छोट्या गिरणीची जागा नेमकी येथे आहे: हाताने होईना आणि मोठ्या गिरणीला परवडेना, अशा मधल्या अंतरात. परदेशात कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर छोट्या गिरणीची संपूर्ण यंत्रसामग्री बनवणारा एक उद्योग आहे. अल्पाका आणि मेंढ्या पाळणारी कुटुंबे अशा यंत्रांवर दिवसाला दहा-वीस किलो लोकरीचे सूत काढतात. आपल्याकडे राजस्थानात अविकानगरची केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था 1962 पासून काम करते आहे, आणि बिकानेरची बाजारपेठ जाजमाच्या सुतासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे विद्या दूर नाही. दूर आहे तो हिशेब.

तो हिशेब त्या गृहस्थांनी एका रविवारी मांडला. एका मेंढीची एका कातरणीची लोकर उदारपणे अर्धा किलो धरली, तर तीनशे मेंढ्यांच्या कळपाची दीडशे किलो. रोज वीस किलो कच्चा माल खाणाऱ्या गिरणीला एक कळप आठवडाभर पुरतो. वर्षात तीनशे दिवस काम म्हणजे सहा हजार किलो. वर्षाला दोन कातरण्या धरून सहा हजार मेंढ्या, म्हणजे तीनशेंचे वीस कळप. महाराष्ट्रात 2019 च्या पशुगणनेनुसार मेंढ्यांची संख्या सुमारे 27 लाख आहे, तेव्हा मालाची वाण नाही. अडचण अशी की माल वर्षातून दोनदाच येतो, तोही चालत्या कळपांकडून, आज इथे तर उद्या घाटाखाली. तो सारा त्या त्या वेळी रोखीने घ्यावा लागतो आणि पुढे सहा महिने ठेवावा लागतो. इतके खेळते भांडवल न पिकणाऱ्या पोत्यांत अडकवणे कोणत्याही कर्ज अधिकाऱ्याला सहज पटणार नाही. त्यात साठवलेल्या लोकरीला कसर लागते. कीटकनाशक मारणे आपल्या घरांना नको. पण कसर मळ व घाम असलेल्या लोकरीकडे अधिक धावते, म्हणून माल आल्या आल्या धुऊन, वाळवून, घट्ट बांधून ठेवला तर जीवही वाचतात आणि लोकरही. म्हणजे धुण्याची टाकी आधी, पिंजणी मागाहून. प्रकल्पाचा क्रमच उलटला, आणि तो कागदावर बरा दिसू लागला.

हिशेब इथवर आला तेव्हा आजींनी दुसरा हिशेब काढला. "हा धंदा आपल्याला चालतो का, ते पाहिलंस का?"

प्रश्न साधा नव्हता. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य येते. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ केवळ हस्तिदंतापुरता ठेवलेला नाही; व्यापारासाठी त्रस जीवांचे दात, केस, नखे, हाडे, कातडी, रोम उत्पत्तिस्थानी जाऊन घेणे, असा तो व्यापक आहे. रोम म्हटले की लोकर आलीच. दुसरीकडे आचारांग सूत्राच्या वस्त्रैषणा अध्ययनात साधूला कल्पणाऱ्या वस्त्रांच्या यादीत पहिलेच नाव जंगम जीवांपासून मिळणाऱ्या, म्हणजे लोकरीच्या वस्त्राचे आहे. श्वेतांबर साधू-साध्वींचा ओघा लोकरीचा, कांबळी लोकरीची, श्राविकेची पुंजणी आणि आसन लोकरीचे. ज्या वस्तूने जीव जपायचा ती वस्तू मेंढीच्या पाठीवरून येते, आणि ती तिथे जाऊन व्यापारासाठी घेऊ नये असेही सांगितले आहे. उत्पत्तिस्थानी घेण्याला हरकत आहे, कारण मागणी करणारा दारात उभा राहिला की घेणाऱ्याच्या लोभाने जीवाला इजा होते, असा त्यामागचा विचार आहे. जाणकारांनी यावर अधिक लिहावे. या पानावर तेवढा अधिकार नाही.

मात्र एक गोष्ट हिशेबात प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आज दख्खनी मेंढी लोकरीसाठी पाळलीच जात नाही. मेंढपाळाचे उत्पन्न म्हणजे कोकरे विकून येणारा पैसा आणि शेतात कळप बसवण्याचा मोबदला. संशोधनाची दिशाही तीच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळी कोकरे देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' वाण तयार केला. तो शास्त्र म्हणून मोठा आहे आणि मेंढपाळाला त्याने दोन पैसे अधिक मिळतात. पुण्यात 1978 पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे आणि 2017 पासून राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत 20 मेंढ्या व 1 नर अनुदानावर मिळतात. या साऱ्या आकडेमोडीत लोकर शेवटच्या रकान्यात आहे. कधीकाळी मेंढीची किंमत दोन खात्यांत होती: ती जिवंत असताना दरवर्षी देत असलेली लोकर, आणि विकल्यावर मिळणारी रक्कम. पहिले खाते आज जवळपास बंद पडले आहे. लोकरीला भाव आला म्हणून नर कोकरू कसायाकडे जायचे थांबेल, असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे होईल.

त्या गृहस्थांनी हे मेंढपाळालाच विचारले. त्याने थोडा वेळ कळपाकडे पाहिले. "बकरं तर जायाचंच, शेठ. त्याच्यावर तर पोरांची शाळा हाय. पर म्हातारी मेंढी... लोकरीचं चार पैसं आलं असतं तर आणखी दोन सालं ऱ्हायली असती." एवढेच तो बोलला.

आजींनी यावर काही म्हटले नाही. पण पट्टणकोडोलीहून आसन आले, काळ्यावर पांढरी किनार असलेले, किंचित टोचणारे, चिंचोक्याच्या खळीचा मंद वास असलेले, तेव्हा नातीने त्याचाही एक धागा जाळून पाहिला. केस जळाल्याचा वास आला, चिमटीत राख झाली. आजींनी आसन दोनदा झटकले, पुंजणीने जागा पुंजली आणि त्या बसल्या.

गिरणी अजून उभी राहिलेली नाही. भोसरीच्या कारखान्याच्या मागच्या बाजूला स्टेनलेस स्टीलच्या तीन टाक्या तयार झाल्या आहेत आणि चौथीची वेल्डिंग बाकी आहे. धुण्याचे पाणी मुरवायला मावळात एका शेतकऱ्याशी बोलणे चालू आहे. यंदा दिवाळीनंतर वाडा पुन्हा चाकणजवळ उतरला तेव्हा कारखानदारांनी कातरणीची मजुरी आणि वर थोडे असा भाव ठरवून चाळीस किलो लोकर घेतली. कोणताही जनावराचा व्यवहार तिला जोडलेला नाही, असे तोंडी ठरवूनच. वजन करताना मेंढपाळाच्या धाकट्या मुलाने काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचला आणि वहीत लिहून घेतला. पोती गाडीत चढल्यावर मेंढपाळाने विचारले, "उन्हाळ्यात कातरणी फलटणकडं असंल. तिकडं याल का?"

"कळवा," कारखानदार म्हणाले, "गाडी पाठवतो."